काय बेतलं, काय झालं

पडद्यावर शून्य आलं तेव्हा माझं बिस्कीट चहात होतं. बिस्कीट किती वेळ बुडवायचं याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही, त्या सकाळी चुकला. अर्धं कपाच्या तळाशी गेलं, अर्धं बोटांत राहिलं, आणि आमचे विभागप्रमुख, मोठे सर, लाल ठिपक्याने ते शून्य गोंजारत सांगत होते की गेल्या दोन वर्षांत आमच्या विभागात दुर्बिणीने सुरू केलेलं स्वादुपिंडाचं एकही ऑपरेशन मध्येच पोट उघडून पुरं करावं लागलेलं नाही. असं करावं लागलं की ते लोक त्याला 'कन्व्हर्शन' म्हणतात, जणू पोटाचंच मतपरिवर्तन झालं. कन्व्हर्शन शून्य. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सर्जन एकमेकांसाठी टाळ्या वाजवत नाहीत, ते खुर्चीत मागे टेकतात. सहा हॉस्पिटलांचे सहा सर्जन मागे टेकले. माझे बाबा चौदा महिन्यांपूर्वी याच इमारतीत, दोन मजले खाली, दुर्बिणीने सुरू झाले आणि पोट उघडून संपले. म्हणजे ऑपरेशन तसं संपलं. बाबा त्यानंतर बावीस दिवसांनी. मी चमच्याने कपाच्या तळातलं बिस्कीट वर काढायचा प्रयत्न केला, ते आलं नाही, चहा मात्र गढूळ झाला.

मला राग आला की मी अतिशय नम्र होते. घरी सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे घाबरतात. मी मोठ्या सरांना विचारलं की पुढची स्लाइड लावू का. मला त्या सभेत बोलावलं होतं ते स्लाइड लावायला, इतिवृत्त लिहायला आणि फॉर्म दाखवायला. सात हॉस्पिटलांनी मिळून एकच नोंदवही करायची असं ठरत होतं: ज्यांच्या स्वादुपिंडाचं ऑपरेशन लहान भोकांतून होतं त्या प्रत्येक माणसाची नोंद एका जागी, एका पद्धतीने, म्हणजे पाच वर्षांनी कुणीतरी छातीठोकपणे सांगू शकेल की ही भोकं बरी की जुना लांब छेद बरा. कल्पना चांगली आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. मी आकडेशास्त्र शिकले, वर्षभर बिनकामाची बसले, मग ही जाहिरात आली. मी सूड घ्यायला आले नव्हते. सिनेमात तसं येतात. मला नोकरी हवी होती. आईला सांगितलं की नोकरी लागली, हॉस्पिटलमध्ये. कुठल्या हॉस्पिटलमध्ये ते ऐकून तिने तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि चौथ्या दिवशी म्हणाली की डबा भरून देते, तिथलं काही खाऊ नकोस. त्यांचं बिस्कीट खायला गेले आणि हे झालं.

सकाळची पहिली चाळीस मिनिटं बोधचिन्हात गेली होती. चित्रकाराने काढलेलं स्वादुपिंड एका सर्जनला चपलेसारखं वाटलं, दुसऱ्याला सुजलेल्या मोज्यासारखं, आणि जन्मभर जो अवयव कापला तो बाहेरून नेमका दिसतो कसा यावर सात तज्ज्ञांचं एकमत होईना. शेवटी चप्पल मंजूर झाली. मग नियम. यातला एक मोठ्या सरांनी स्वतः मांडला: एकदा जतन झालेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही, काढायचीच तर काढणाऱ्याने आपल्या नावाने कारण लिहायचं आणि ते कारण सातही हॉस्पिटलांना दिसायचं. सात हात वर गेले. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उरलेले सहा जण होते, आपले मेलेले पेशंट हळूच गाळणारे. इतक्या झटपट एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या इतिवृत्तात ती एकच ओळ खाडाखोड न होता उतरली.

शून्य खोटं नव्हतं. सांगायची गोष्ट ती हीच, आणि हीच सांगताना माझे दात एकमेकांवर बसतात. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक जाड वही असते. ऑपरेशन संपलं, पेशंट हलला, की सिस्टर त्या वहीत लिहितात: काय केलं. दुर्बिणीने, की ओपन. शेवटी पोट उघडलेलं असेल तर त्या 'ओपन' लिहितात, दुसरं काय लिहिणार, पोट उघडलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणजे दुर्बिणीने सुरू झालेलं जे जे बिघडलं ते वहीत आपोआप ओपनच्या बाजूला जाऊन बसतं, आणि दुर्बिणीच्या बाजूला उरतात फक्त नीट झालेली. सिस्टर खरं बोलतात, वही खरं बोलते, मोठे सर वहीतून शून्य मोजतात तेही खरंच मोजतात. इतक्या खऱ्या माणसांनी मिळून माझ्या बापाला गायब केलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ती वही कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं होतं. बाबांची ओळ मी स्वतः टाइप केली. पुरुष, एकसष्ट, स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा काढली, ओपन. टाइप करून मी उठले, पाण्याच्या यंत्रापाशी गेले, तिथे पेला नव्हता, ओंजळीने प्यायले, परत आले आणि पुढची ओळ टाइप केली.

बाबा शिंपी होते. साधे शिंपी नव्हे, फक्त कोट शिवायचे, आणि याचा त्यांना जो गर्व होता तो सांगण्यासारखा नाही. पँट घेऊन कुणी आला तर त्याला शेजारच्या दुकानाचा रस्ता असा दाखवायचे की जणू तो चुकून देवळात चपला घालून आलाय. माझं नाव त्यांनी टाचणी ठेवलं होतं, कारण लहानपणी मी कुठेही सापडायचे आणि सापडले की टोचायचे. दुकानात मापांच्या वह्या होत्या तशी एक वेगळी वही होती, घरात आम्ही तिला बिघडलेल्या कोटांची वही म्हणायचो. तिच्यात दोनच रकाने: काय बेतलं, आणि काय झालं. बेतलं म्हणजे कापडावर खडूने रेघ मारताना मनात काय होतं ते, आणि हा रकाना कात्री लावायच्या आधी भरायचा, हा त्यांचा कायदा. सगळ्या कोटांचा भरायचे. नीट झालेल्यांच्या पुढे दुसऱ्या रकान्यात नुसती एक रेघ. एकदा त्यांनी एका वकिलाचा कोट बेतला आणि बाही कापताना कापड उलटं धरलं. बाह्या वाया गेल्या. वकील येईपर्यंत बाबांनी उरलेल्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून टाकलं, आणि ते त्याला इतकं आवडलं की तो घालूनच कोर्टात गेला. बाबांनी वहीत लिहिलं: बेतला कोट, झालं जाकीट. मी तेव्हा दहा वर्षांची. मी म्हटलं, वकीलकाका तर खूश आहेत, मग बिघडलेल्यांत कशाला लिहिता, जाकिटांत लिहा, चांगलं जाकीट आहे. ते म्हणाले, "टाचणी, तो खूश आहे जाकिटावर. मी कोट बेतला होता. याला जाकिटांत धरलं तर माझे सगळे कोट चांगलेच निघतील. मग मला शिकवणार कोण?" आणि सुईत दोरा ओवायला त्यांनी ती माझ्याकडे दिली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नव्हे, विषय संपला म्हणून.

रोबोवाले बोलत होते. हे दुसऱ्या हॉस्पिटलचे सर्जन, त्यांच्याकडे नवीन यंत्रमानव आलाय आणि ते त्याच्याबद्दल नव्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यांचं म्हणणं, फॉर्म फार लांब झालाय. सत्तेचाळीस रकाने कोण भरणार. विशेषतः चौदावा. चौदावा रकाना मी घातला होता: 'कोणत्या पद्धतीने करायचं ठरवलं होतं? (पेशंटला भूल देण्याआधी भरावं. नंतर बदलता येणार नाही.)' रोबोवाल्यांना तो नको होता. ऑपरेशनच्या आधी आमचं लक्ष पेशंटवर असतं, फॉर्मवर नाही, असं ते म्हणाले आणि तीन जणांनी माना हलवल्या, कारण हे वाक्य कुणालाही मान हलवावीशी वाटेल असं होतं. काय झालं ते लिहिलं की पुरे. ठरवलं काय होतं हा कादंबरीचा विषय आहे. यावर हशा झाला. मी तो इतिवृत्तात लिहिला: हशा. मोठे सर म्हणाले की आधी फॉर्म बघू या, मग चौदाव्यावर मत घेऊ. आणि ते उभे राहिले, खिडकीचा पडदा ओढायला, म्हणजे पडद्यावरचं नीट दिसेल, आणि मी पाहिलं की हात उंचावल्यावर त्यांचा कोट उजव्या खांद्यापाशी गोळा झाला, कॉलर कानाकडे सरकली, आणि त्यांनी अर्ध्यावरूनच हात खाली घेऊन डाव्या हाताने पडदा ओढला. चौदा महिने. तोच कोट.

बाबांच्या ऑपरेशनच्या आधी मोठ्या सरांनी आम्हाला खोलीत बोलावून कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. पोट, त्यावर पाच ठिपके, इथून कॅमेरा, इथून हत्यारं, पाचव्या दिवशी घरी. बाबांना ते एकदम पटलं. पाच काजं, म्हणाले. मग एक कागद पुढे आला ज्यावर लिहिलं होतं की गरज पडल्यास पोट उघडावं लागेल. बाबांनी सही केली, कारण गरज पडली तर बेत बदलतो हे शिंप्याला कुणी शिकवायला नको. उठता उठता त्यांची नजर सरांच्या खांद्यावर गेली आणि मला कळलं की आता हे बोलणार, आणि आईने त्यांची बाही ओढली, तरी ते बोललेच. "डॉक्टर, राग मानू नका, पण उजव्या खांद्यात तुमचा कोट आखूड बेतलाय. हात वर केलात की बघा, अडेल." सर हसले. म्हणाले, माझं सगळं काम हात खाली ठेवून असतं. बाबा म्हणाले, बरा होऊन येतो, उसवून देतो, आत दोन बोटं कापड असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. सरांनी कोटाकडे असं पाहिलं, जणू हा कोट पूर्वी कधी त्यांनी पाहिलाच नव्हता.

मग बाहेरची खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एकाने पाय हलवला की सगळी रांग हलते. चार वाजता सर बाहेर आले आणि सरळ म्हणाले की दोन तास दुर्बिणीने चाललं होतं, प्लीहेजवळची एक रक्तवाहिनी सुटली, पोट उघडावं लागलं, वेळेवर उघडलं. मी तेव्हा विश्वास ठेवला आणि आजही ठेवते. उघडलं ते बरोबर केलं. हट्टाने त्या भोकांतच चाचपडत बसले असते तर बाबा टेबलावरच गेले असते. माझा राग कात्रीवर नाही. कात्री चुकते, बाबांच्या वहीत चाळीस पानं चुकलेली आहेत. नंतर स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून रस गळायला लागला, नळीतून पिशवीत, पिशवीचा रंग रोज बदलायचा आणि आम्ही घरी फोन करून नातेवाइकांना रंग सांगायचो. नवव्या दिवशी ड्रेसिंग बदलताना बाबांनी मान उचलून स्वतःचं पोट पाहिलं. बरगडीखालून बेंबीच्या खाली जाणारा उभा छेद, आणि त्याच्या आजूबाजूला ती पाच भोकं, एकेका टाक्याची, कोवळी, कुणाच्याच कामाला न आलेली. बोट न लावता त्यांनी ती मोजली. "पाच काजं केली, बटण एकाला नाही, आणि मग कापडच उभं फाडलं," असं म्हणून ते हसले, हसताना दुखलं म्हणून थांबले, थांबल्यावर पुन्हा हसू आलं. सिस्टर मला रागावल्या. मी काही केलं नव्हतं. मग डोळे मिटून त्यांनी विचारलं की यांच्याकडेही अशी वही असेल ना. मी म्हटलं, असेल. "माझं दोन्हीकडे लिहिलं असेल?" मी म्हटलं, हो बाबा, दोन्हीकडे. मला काय माहीत होतं. मी 'हो' म्हटलं आणि त्यांची पिशवी सरळ केली.

मी फॉर्म उघडला. दाखवण्यासाठी एक खोटा पेशंट घ्यायचा होता, मी आदल्या दिवशी तयारही केला होता, क-ख-ग नावाचा, पंचेचाळीस वर्षांचा, अत्यंत निरोगी स्वादुपिंड असलेला. त्याला मी बाजूला ठेवलं. नाव फॉर्ममध्ये नसतंच. वय एकसष्ट. पुरुष. व्यवसाय: शिंपी. गाठ शेपटाकडे.  मी अत्यंत नम्र आवाजात सांगितलं की आधी चौदाव्याशिवाय भरून दाखवते, म्हणजे किती सुटसुटीत होतं ते कळेल. रोबोवाल्यांनी कौतुकाने मान हलवली. चौदावा लपवला. काय केलं? 'ओपन' निवडलं. आणि फॉर्म, ज्याचा शब्द न् शब्द मी लिहिलाय, म्हणाला: 'ही नोंदवही फक्त लहान छेदाच्या शस्त्रक्रियांसाठी आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' आणि मिटला. बाबांना धन्यवाद म्हणून दारातून परत पाठवलं. बघा, किती पटकन, असं कुणीतरी म्हणालं.

आता चौदाव्यासकट, मी म्हटलं. पुन्हा एकसष्ट, पुन्हा शिंपी. ठरवलं होतं: दुर्बिणीने. भोकं: पाच. दोन तासांनी रक्तस्राव, प्लीहेजवळ. पोट उघडलं. गळती. बाविसाव्या दिवशी मृत्यू. फॉर्म मिटला नाही. फॉर्मने त्यांना आत घेतलं, बसवलं, आणि वर क्रमांक टाकला: एक. मी 'जतन करा' दाबलं. एवढं दाबताना मात्र बोट जरा जास्तच जोरात पडलं असावं, कारण कडेच्या एक बाई वळल्या. त्या भूलवाल्या मॅडम. त्यांना मत नव्हतं, सर्जनांच्या सभेत भूल देणाऱ्यांना मत नसतं, त्यांना खिडकीजवळची खुर्ची असते.

रोबोवाले म्हणाले, छान, पण हा नमुना जरा भीतिदायकच घेतलात, काढून टाका. मी म्हटलं, सर, जतन झालेली नोंद काढता येत नाही. सकाळी अकरा दहाला ठरलं. काढायची तर काढणाऱ्याने आपल्या नावाने कारण लिहायचं. आणि कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो गरम तवा असल्यासारखा मोठ्या सरांकडे सरकवला, अध्यक्ष तुम्ही. पडद्यावर चौकट आली: 'कारण'. तिच्यात ती उभी रेघ लुकलुकत होती. मोठ्या सरांनी चष्मा वर केला आणि सवयीने टाइप करायला सुरुवात केली, 'चुकीची नों', एवढं झालं, आणि मग त्यांनी मान वर करून वरची ओळ वाचली. व्यवसाय: शिंपी.

"नोंद बरोबर आहे, सर," भूलवाल्या मॅडम म्हणाल्या. "मी होते त्या दिवशी."

 सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं की हा क्षण आला की मी काहीतरी म्हणेन, चौदा महिने मी ती वाक्यं आंघोळ करताना म्हणत आले होते, त्यांतली काही फार चांगली होती. एकही आलं नाही. मी विचारलं, "सर, चूक कुठली ते कारणात लिहावं लागेल. कुठली लिहू?" त्यांनी 'चुकीची नों' एकेक अक्षर करून पुसलं. मग म्हणाले की नोंदीचं नंतर बघू, आधी चौदाव्यावर मत घेऊ. ज्यांना चौदावा रकाना नको, त्यांनी हात वर करावेत.

रोबोवाल्यांचा गेला. त्यांच्या शेजारच्यांचा गेला. टेबलाच्या टोकाला बसलेल्यांचा, ज्यांना स्वादुपिंड चपलेसारखं वाटलं होतं, त्यांचा गेला. तीन. उरलेले तीन फॉर्मकडे बघत बसून राहिले, का ते मला माहीत नाही, कदाचित भूक लागली असेल. सात मतांत चार लागतात. सकाळभर सरांचं मत कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. शून्य त्यांचंच होतं. त्यांचा उजवा हात टेबलावरून निघाला. मी पाहत होते, आयुष्यात कुठल्या हाताकडे मी इतकं पाहिलेलं नाही. तो छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला, तिथे कोटाची कॉलर कानाकडे सरकली, खांद्यावर कापडाची घडी उभी राहिली आणि हात अडला. झटका दिला असता तर गेला असता वर. सकाळी त्या नियमाच्या वेळी गेलाच होता, शिवण करकरल्याचं मी ऐकलं होतं. आता त्यांनी झटका दिला नाही. हात वळला आणि त्या खांद्यावर जाऊन बसला, बोटांनी ती घडी चिमटीत धरली, जशी माप घेणारा धरतो, आत कापड किती आहे ते बघायला. आणि तिथेच राहिला.

मला त्याने बरं वाटलं असं कुणी समजू नये. मला ओरडावंसं वाटत होतं की बघू नका, दोन बोटं असतीलही आत, पण उसवायला आता माणूस नाही. मी अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, हा वर धरू का?"  रोबोवाले म्हणाले, अहो, वरच आहे तो, लिहा. दुसरे कुणी म्हणाले, खांद्यावर आहे, वर कुठे. मग त्यावर थोडा वाद झाला, हात वर म्हणजे नेमका कुठून वर, कोपर मोजायचा की पंजा, आणि सहा तज्ज्ञांचं एकमत होईना. सर त्या वादात नव्हते. ते अजून खांदा चिमटीत धरून पडद्याकडे बघत होते, जिथे एक नंबरचा पेशंट कारण न लिहिलेल्या चौकटीखाली तसाच होता.

मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली, पट्टी नव्हती म्हणून बिस्किटाच्या पुड्याची कड धरून उभी रेघ मारली, आणि दोन रकाने पाडले. डावीकडे लिहिलं: काय बेतलं. अध्यक्षांचा हात वर. उजवीकडे लिहिलं: काय झालं. खांद्यापर्यंत. नको म्हणणारे तीन. चौदावा राहिला.

मग वही त्यांच्यासमोर सहीला ठेवली. सही करायला हात वर करावा लागत नाही.